विजेरीतला सेल जपा, रात्रीची वाट सांभाळा



रात्रपाळीची लाईट असली की आपला दिवस रात्रीच उगवतो. ऊस असो, गहू असो की कांदा, लाईट आली की मोटार चालू करायला विहिरीवर जावेच लागते. मग दारं धरता धरता पहाट होते. काही गावांत सौर वाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्यांच्या वाट्याला रात्रपाळी आहे, त्यांची अंधाराशी गाठ सुटलेली नाही. पाटाच्या कडेला गवत माजलेले, चिखलाचा बांध, आणि घोणस, मण्यार यांची फिरण्याची वेळही तीच. अशा वेळी हातातला उजेड हाच आपला सोबती. तो ऐन बांधावर मिणमिणायला लागला, तर पुढचे पाऊल अंदाजाने टाकावे लागते, आणि रात्रीच्या रानात अंदाजाचे पाऊल धोक्याचे असते.

म्हणून या पत्रकात चार्जिंगच्या विजेरीची निगा कशी ठेवावी ते सांगणार आहोत. रेडिओवर ऐकलेली माहिती कामाच्या गडबडीत निसटून जाते. हा कागद जपून ठेवा आणि घरातल्या पोरासोरांनाही वाचून दाखवा, कारण विजेरी प्लगला लावायचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

आधी नावाचा घोळ मिटवू. खेड्यात आपण सबंध विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतो. या पत्रकात हातात धरायच्या दिव्याला ‘विजेरी’ म्हटले आहे, आणि तिच्या पोटात जी वीज साठवून ठेवणारी वस्तू असते तिला ‘सेल’ म्हटले आहे.

दोष कुणाचा?

सहा महिन्यांत विजेरी अंधुक झाली की आपण म्हणतो, ‘माल हलका निघाला.’ कधी कधी ते खरेही असते. पण हल्लीच्या विजेरीतला एलईडी दिवा सहसा लवकर जात नाही. आधी जातो तो सेल, आणि पुष्कळ वेळा तो आपल्याच सवयीने जातो.

सगळ्यात घातक सवय एका समजुतीतून आली आहे: ‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, नाहीतर सेल खराब होतो.’ ही समजूत निकेल-कॅडमियम नावाच्या जुन्या प्रकारच्या सेलवरून पडली. तो सेल दर वेळी अर्धवट वापरून चार्ज केला, तर काही वेळा तेवढीच वीज देऊ लागे. पण आज आपल्या हातातल्या बहुतेक विजेऱ्यांत तो सेल नसतो. जे सेल असतात, त्यांना पूर्ण रिकामे होणेच सोसत नाही. म्हणजे औषध समजून आपण सेलला विषच पाजत असतो.

आपल्या विजेरीत कोणता सेल आहे?

निगा सेलच्या जातीप्रमाणे ठेवावी लागते. मुख्य जाती तीन.

१. शिसे-आम्लाचा बंद सेल. मोटारगाडीच्या बॅटरीचा हा धाकटा भाऊ. आत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असते. हा चौकोनी, जड ठोकळा असतो आणि त्यावर बहुधा ‘४ व्होल्ट’ असे छापलेले असते. घरच्या प्लगला पिन लावून चार्ज होणाऱ्या पुष्कळशा स्वस्त विजेऱ्यांत हाच सेल असतो.

२. लिथियम-आयन सेल. मोबाईलमध्ये असतो त्याच जातीचा. विजेरीत बहुधा गोल, नळकांडीसारखा असतो. त्यावर ‘३.७ व्होल्ट’ आणि पुष्कळदा ‘१८६५०’ हा आकडा असतो. तो आकडा मापाचा आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. वजनाला हलका पण ताकदीला मोठा असा हा सेल आहे.

३. निकेल-मेटल-हायड्राइड सेल. दिसायला साध्या पेन्सिल सेलसारखा, पण त्यावर ‘१.२ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. तो विजेरीतून काढून वेगळ्या चार्जरमध्ये ठेवून चार्ज करायचा असतो.

साधा पेन्सिल सेल किंवा जाडा मसाल्याचा सेल १.५ व्होल्टचा असतो आणि तो चार्ज करायचा नसतो. त्याला चार्जरमध्ये कोंबले तर तो गळतो, प्रसंगी फुटतोही. विकत घेताना आकडा वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा, त्यात कमीपणा नाही.

टाकीचा हिशोब

सेल म्हणजे विजेची टाकी असे समजा. टाकी केवढी आहे ते ‘मिलिअँपिअर-तास’ या आकड्यावरून कळते. सेलवर २००० लिहिले असेल आणि दिवा ५०० मिलिअँपिअर वीज ओढत असेल, तर २००० भागिले ५००, म्हणजे साधारण चार तास उजेड मिळेल. ‘मोठा’ उजेड लावला की टाकीचा नळ पूर्ण सोडल्यासारखे होते, ‘बारीक’ उजेडावर तीच टाकी कितीतरी वेळ पुरते. बांधावरून चालताना बारीक उजेड पुरतो. मोठा उजेड रानडुकरे हाकायला किंवा लांबचे बघायला राखून ठेवावा.

टाकी भरण्याचा हिशोबही असाच. २००० चा सेल ५०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर भरायला चार तास लागतात, आणि भरताना थोडी वीज वाया जाते म्हणून आणखी तासभर धरावा. विजेरीसोबत आलेल्या कागदावर चार्जिंगचे तास लिहिलेले असतात. तो कागद फेकू नका.

बाजारात काही गोल लिथियम सेलवर ९९०० किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नका. १८६५० या मापात आजच्या चांगल्या सेलचीही ताकद ३५०० च्या आसपासच असते. पायलीच्या मापात मण मावत नाही, तसेच हे आहे. चांगला सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. हातात घेतल्यावर पोकळ, हलका वाटणारा सेल घेऊ नये.

शिसे-आम्लाचा सेल: उपाशी ठेवू नका

हा सेल वापरला की त्याच्या पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार जमतो. चार्ज केला की तो क्षार परत विरघळतो. पण सेल रिकामा करून तसाच कोपऱ्यात टाकला, तर त्या क्षाराचे कठीण खडे बनतात आणि मग ते विरघळत नाहीत. पिठल्याचे भांडे जेवल्याबरोबर घासले तर एका हाताने निघते, दोन दिवस तसेच ठेवले तर खरवडूनही निघत नाही, तसलाच हा प्रकार. जेवढे खडे बनले तेवढी टाकी कायमची लहान झाली.

म्हणून रानातून परत आल्यावर, विजेरी थोडी वापरली असो की पुष्कळ, त्याच दिवशी चार्जिंगला लावा. उजेड मंद होऊ लागला की तिथेच थांबा. ‘अजून थोडा आहे की’ म्हणून शेवटचा थेंब काढू नका. वापर नसेल तरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्ज करा, कारण नुसता ठेवलेला सेलही हळूहळू रिकामा होतो, आणि उन्हाळ्यात लवकर होतो.

उपाशी ठेवणे जसे वाईट, तसे ठासून भरवणेही वाईट. पुष्कळ स्वस्त विजेऱ्यांत सेल भरल्यावर वीज आपोआप तोडण्याची सोय नसते. लाल दिवा लागलेला दिसतो, पण तो फक्त ‘प्लगमध्ये लाईट आहे’ एवढेच सांगतो, ‘पोट भरले’ असे सांगत नाही. अशी विजेरी दोन-दोन दिवस प्लगला लटकत राहिली, तर आतले पाणी उडून जाते, पट्ट्या कोरड्या पडतात आणि ठोकळा फुगतो. तेव्हा घड्याळ बघून लावा आणि घड्याळ बघून काढा. मधे लाईट गेली, तर जेवढे तास लाईट होती तेवढेच मोजा.

लिथियम सेल: उन्हापासून आणि माराला जपा

या सेलला उष्णता फार लवकर बाधते. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, ट्रॅक्टरच्या सीटजवळ किंवा मोटारसायकलच्या डिकीत विजेरी ठेवली, तर ती न वापरताच म्हातारी होते. पूर्ण भरलेला सेल गरम जागी ठेवणे हे तर सगळ्यात वाईट. घरात माठाजवळच्या भिंतीचा कोनाडा किंवा फडताळातला खालचा कप्पा अशी गार पण कोरडी जागा बघा.

हा सेल अर्धा वापरून चार्ज केला तरी काही बिघडत नाही, उलट बरेच असते. चांगला सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरता-रिकामा करता येतो. अर्धा-अर्धा दोनदा भरला तर तो एकच वेळ मोजला जातो. पूर्ण रिकामा करून महिनोन् महिने ठेवलेला लिथियम सेल मात्र आतून बिघडतो, आणि पुढे चार्ज करताना धोका संभवतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. शिसे-आम्लाच्या विजेरीचा उजेड हळूहळू मंदावतो, म्हणजे ती आधी सूचना देते. लिथियमची विजेरी पुष्कळदा शेवटपर्यंत झगझगीत राहते आणि मग एकदम विझते, कारण सेल फार रिकामा होऊ नये म्हणून आतली यंत्रणाच वीज तोडते. ती बिघडली असे समजू नका, पण तिच्या भरवशावर लांबही जाऊ नका. किती तास वापरली याचा अंदाज ठेवा, आणि खिशात दुसरी लहान विजेरी असू द्या.

फुगलेला, चेपलेला, वरची गुंडाळी फाटलेला किंवा चार्ज करताना हाताला चटका देणारा लिथियम सेल पुन्हा वापरू नये. तो पेट घेऊ शकतो. सुटे गोल सेल खिशात किल्ल्या, खिळे किंवा सुट्या पैशांबरोबर कधीही ठेवू नका. दोन टोके धातूने जोडली गेली की सेल क्षणात तापतो.

निकेलचे सेल: जोडी मोडू नका

हे सेल जोडीने घ्यावेत, जोडीने वापरावेत आणि जोडीनेच चार्ज करावेत. एक नवा आणि एक जुना, किंवा एक चार्जिंगचा आणि एक साधा मसाल्याचा, असे मिसळू नका. बैलजोडीत एक बैल तगडा आणि एक रोडका असला की रोडक्याची फरफट होते. इथेही कमजोर सेल आधी रिकामा होतो, आणि दुसरा त्याच्यातून उलटी वीज ढकलून त्याला कायमचा निकामी करतो. सेलवर तारखेची चिठ्ठी चिकटवली की जोडी ओळखू येते.

चार्जिंग करताना

घरच्या प्लगमध्ये २३० व्होल्टची वीज असते. पुष्कळ स्वस्त विजेऱ्यांत ही वीज कमी करणारा मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे विजेरी प्लगला असताना तिचा आतला भाग थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. म्हणून हे नियम पाळा:

• हात ओले असताना, किंवा विजेरी पावसात भिजलेली असताना, प्लगला लावू नका. आधी पूर्ण वाळू द्या.

• प्लगला असताना विजेरीचे बटण दाबू नका. काही विजेऱ्यांत त्याने दिवाही जळतो.

• प्लगला असताना विजेरी उघडू नका. पिन आत ढकलायच्या प्रकारात एक पिन उघडी राहत नाही ना, ते बघा.

• चारा, कडबा, रॉकेल, गोधडी यांच्याजवळ चार्ज करू नका. उघड्या, कोरड्या फरशीवर, माणसाच्या नजरेसमोर करा. रात्रभर लावून झोपू नका.

• लिथियमच्या विजेरीला तिचा स्वतःचा चार्जर वापरा. पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर चालतो असे नाही.

• विजांचा कडकडाट सुरू असेल, किंवा लाईट कमी-जास्त होत असेल, तर प्लग काढून ठेवा.

• सेलमधून धूर निघाला किंवा तो पेटला, तर आधी मेन स्विच बंद करा, माणसे बाहेर काढा आणि धूर छातीत घेऊ नका. मेन बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी मारता येते.

सौर विजेरी असेल तर एक युक्ती करा. पत्रा वायरने जोडलेला असेल, तर पत्रा उन्हात आणि विजेरी सावलीत ठेवा. पत्र्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसत जा, धुळीने चार्जिंग कमी होते.

पावसाळ्यातली निगा

रानात भिजलेली विजेरी घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. सेल काढता येत असेल तर काढून ठेवा, झाकण उघडून सावलीत वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. स्प्रिंगला किंवा पत्र्याच्या पट्टीला हिरवट-पांढरा गंज चढला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासून कोरड्या फडक्याने पुसा. नुसत्या गंजामुळे उजेड निम्मा होतो, आणि आपण मात्र सेलला दोष देत बसतो. झाकणाची रबरी कडी चिरली असेल तर बदलून घ्या.

शिसे-आम्लाच्या ठोकळ्यातून ओल आलेली दिसली तर तिला बोट लावू नका, ते आम्ल आहे. लागलेच तर भरपूर पाण्याने हात धुवा. डोळ्यात गेले तर बराच वेळ पाणी मारत राहा आणि तसेच दवाखाना गाठा.

हंगाम संपल्यावर

दोन-चार महिने विजेरी लागणार नसेल, तर शिसे-आम्लाची पूर्ण भरून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरा. लिथियमची मात्र साधारण अर्धी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. निकेलचे सेल काढून डबीत ठेवा आणि वापरायच्या आदल्या दिवशी भरा. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखेला खूण केली की विसर पडत नाही.

आपण विचाराल...

*‘पूर्वी आम्ही मसाल्याचे सेल उन्हात ठेवायचो, थोडे चालायचे. हेही ठेवावेत का?’*

नाही. साधा सेल उन्हात तापला की आतली क्रिया थोडी वेगाने होते आणि उरलीसुरली वीज बाहेर पडते. त्याने वीज भरली जात नाही. चार्जिंगचा सेल उन्हात ठेवला तर भरत तर नाहीच, उलट त्याचे आयुष्य घटते.

*‘नवी विजेरी आणली की चोवीस तास चार्ज करावी का?’*

सोबतच्या कागदावर पहिल्या वेळेसाठी जे तास लिहिले असतील तेवढेच करा. लिथियमच्या विजेरीला पहिल्यांदा जास्त वेळ लावण्याची काही गरज नाही.

*‘शिसे-आम्लाचा ठोकळा मेला. फोडून पाणी घातले तर जिवंत होईल का?’*

असला खटाटोप करू नका. बंद ठोकळा उघडण्यासाठी केलेलाच नसतो. आत आम्ल आणि शिसे आहे, आणि शिसे हे विष आहे. विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा वाईट परिणाम होतो. विजेरी चांगली असेल, तर त्याच मापाचा आणि तेवढ्याच व्होल्टचा नवा ठोकळा दुकानात बसवून मिळतो.

मेलेला सेल कुठे टाकावा?

उकिरड्यावर नाही, विहिरीत किंवा ओढ्यात नाही, आणि चुलीत तर मुळीच नाही. उकिरड्याचे खत आपल्याच रानात जाते आणि विहिरीचे पाणी आपणच पितो. आगीत टाकलेला सेल फुटतो. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम केले आहेत. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेलवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारल्याचे चित्र असते. त्याचा अर्थ हा की, हा सेल घरच्या कचऱ्यात टाकू नये. जुने सेल एका कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात साठवा, लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, आणि तालुक्याला जाल तेव्हा बॅटरीच्या दुकानात किंवा जुने सेल गोळा करण्याच्या केंद्रात द्या. जुन्या शिशाला किंमत असते, तेव्हा ठोकळा फुकट देण्याआधी भाव विचारा.

थोडक्यात

१. पूर्ण संपेपर्यंत वाट पाहू नका. वापर झाला की चार्ज करा.
२. घड्याळ बघून लावा, घड्याळ बघून काढा.
३. उन्हात, डिकीत, पत्र्याखाली ठेवू नका.
४. ओली विजेरी प्लगला नको, प्लगला असताना बटण नको.
५. जुना-नवा सेल मिसळू नका, फुगलेला सेल वापरू नका.
६. रानात जाताना दुसरी लहान विजेरी खिशात असू द्या.

विजेरी कितीही चांगली असली तरी रात्री रानात जाताना पायात बूट आणि हातात काठी असावी. काठी आपटत चालावे आणि घरी कुणाला तरी सांगून निघावे. दुर्दैवाने सर्पदंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेल्या जागी चिरू नका, आवळून बांधू नका. १०८ ला फोन करून, किंवा मिळेल त्या गाडीने, सरळ सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावर उतारा म्हणजे प्रतिसर्पविष लस, ती तिथे मिळते.

आता हा कागद घडी घालून ठेवण्याआधी एक काम करा. विजेरी आणा, झाकण उघडा आणि आत कोणता सेल आहे ते बघा. रात्री विहिरीकडे निघण्याआधी दोन मिनिटे लावून पाहा. उजेड मंद वाटला तर तो घरातच कळलेला बरा.

तुमची वाट उजेडाची असो. रामराम.